घरच्या घरी पानाफुलांचे तेल : कृती आणि काळजी

फेब्रुवारी संपता संपता आपल्या ग्वाल्हेर, मुरैना, भिंड या पट्ट्यात मोहरीची कापणी सुरू होते. मार्चमध्ये खळी उरकतात आणि वर्षाचे तेल घाण्यावरून काढून आणण्याची घरोघर लगबग सुरू होते. या दिवसांत पुष्कळ मायभगिनी आम्हांला विचारतात, की घरच्या तेलात माका, जास्वंद, कडुनिंब किंवा मोगरा घालून डोक्याचे व अंगाचे तेल घरीच कसे करावे? बाजारच्या लहानशा बाटलीला पैसे फार पडतात आणि तिच्यात नेमके काय आहे हे कळत नाही. प्रश्न रास्त आहे. ज्याच्या शेतात मोहरी आणि तीळ पिकतात, ज्याच्या कुंपणाला अडुळसा व निर्गुडी आहे आणि परसात तुळस आहे, त्याने सुवासिक तेलासाठी दुकानाकडे धावण्याचे कारण नाही.

म्हणून या वेळी आम्ही ती माहिती क्रमाने देत आहोत. कृती सोपी आहे. परंतु काही चुकांनी तेल फुकट जाते आणि काही चुका माणसाच्या जिवावर बेततात. यास्तव वाचकांनी केवळ कृती वाचून थांबू नये, काळजीचा भागही शेवटपर्यंत वाचावा, अशी विनंती आहे.

पूर्वीपासूनची रीत

वनस्पतीचा गंध व गुण तेलात उतरवणे ही रीत फार जुनी आहे. निर्गम ग्रंथाच्या तिसाव्या अध्यायात अभिषेकाच्या तेलाची कृती मापासकट दिली आहे : गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी बोरू २५०, तज ५०० आणि एक हिन ऑलिव्हचे तेल. आजही पवित्र आठवड्यातील तैलमिस्सामध्ये बिशप जे क्रिस्मा तेल पवित्र करतात त्यात सुगंधी बाल्सम मिसळलेले असते. आजाऱ्यांच्या अभ्यंगासाठी पूर्वी ऑलिव्हचेच तेल लागे. जेथे ते मिळत नाही किंवा मिळणे कठीण आहे तेथे दुसरे वनस्पतिजन्य तेल चालेल, अशी मुभा पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली दिली. मात्र एक गोष्ट स्पष्ट असू द्यावी. अभ्यंगाचे तेल हा संस्कार आहे आणि घरी केलेले तेल हा घरगुती उपाय आहे. दोहोंची गल्लत करू नये. तसेच या दोहोंपैकी कशाच्याही भरवशावर डॉक्टरकडे जाणे टाळू नये.

तेलात काय उतरते, काय उतरत नाही

पाण्यात साखर विरघळते, मेण विरघळत नाही. तेलाचे याच्या उलट आहे. पानाफुलांतील जे अंश स्निग्ध असतात, म्हणजे सुगंधी द्रव्ये, राळ, पानातील हिरवा रंग, झेंडूतील पिवळा रंग, तेवढेच तेलात उतरतात. जे अंश पाण्यात विरघळणारे असतात ते पानातच राहतात. म्हणून जास्वंदीची लालभडक फुले तेलात कितीही दिवस ठेवली तरी तेल लाल होत नाही, कारण तो रंग पाण्याचा आहे. पुष्कळ भगिनींना वाटते की आपली कृती चुकली. ती चुकलेली नसते.

बाजारात लाल रंगाचे केसतेल दिसते. त्याला पुष्कळदा रतनजोत नावाच्या मुळाच्या सालीचा रंग दिलेला असतो, कारण तो तेलात उतरतो. पण येथे सावध राहावे. आपल्या मध्य प्रदेशात मोगली एरंडालाही 'रतनजोत' म्हणतात. त्याच्या बिया विषारी आहेत आणि त्या खाऊन मुलांना विषबाधा झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. नाव एक, वस्तू दोन. पंसाऱ्याकडून आणताना मूळ मागावे, बी नव्हे.

कोणते तेल घ्यावे

आपल्याकडे मुख्यतः तीन तेले वापरात आहेत.

तिळाचे तेल सर्वांत चांगले. हिंदीत ज्याला तिल्ली म्हणतात ते हे पीक आपल्या भागात पावसाळ्याच्या सुरुवातीस पेरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढतात. तिळाच्या तेलात निसर्गतःच असे अंश असतात जे तेल लवकर खवट होऊ देत नाहीत. जुन्या वैद्यांनी औषधी तेलांसाठी तीळच पसंत केले, त्याचे हे एक व्यावहारिक कारण आहे.

मोहरीचे तेल उग्र असते. मोहरी दळली जाऊन तिला ओल लागली की तिच्यातील दोन घटक एकत्र येतात आणि डोळ्यांत पाणी आणणारे झणझणीत द्रव्य तयार होते. थोरांच्या पाठीला, गुडघ्यांना थंडीत हे तेल चोळल्याने ऊब वाटते. परंतु त्यात मोगऱ्यासारखा नाजूक वास दबून जातो. लसूण, ओवा, मेथी यांसाठी ते बरे.

खोबरेल तेल महाराष्ट्रातून आलेल्या आपल्या कुटुंबांच्या सवयीचे आहे. केसांना ते चांगले मानवते. पण कोकणात वर्षाचा बहुतेक काळ पातळ राहणारे हे तेल ग्वाल्हेरच्या डिसेंबर-जानेवारीत दगडासारखे गोठते. सुमारे २४ अंशांच्या खाली ते घट्ट होऊ लागते. म्हणून ते करावयाचे तर उन्हाळ्यात करावे, किंवा अर्धे तीळतेल मिसळावे.

कोणतेही तेल ताजे, घाण्याचे व गाळलेले असावे. एकदा तळणासाठी वापरलेले तेल या कामी मुळीच घेऊ नये.

मोहरीच्या शेतातील शत्रू

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या बांधावर, पडीक रानात आणि मोहरीच्या शेताच्या कडेला एक काटेरी झाड उगवते. पाने निळसर हिरवी, त्यांवर पांढऱ्या रेषा, फूल पिवळे आणि देठ मोडला तर पिवळा चीक. हिंदीत याला सत्यानाशी म्हणतात, मराठीत पिवळा धोत्रा. हे मूळचे मेक्सिकोकडील झाड आहे. याचे बी काळसर, गोल आणि जवळजवळ मोहरीएवढेच असते. हे बी मोहरीत मिसळून घाण्यात गेले तर त्याचे विषारी तेल मोहरीच्या तेलात उतरते. रंगावरून किंवा वासावरून ते ओळखता येत नाही.

या विषाने जो आजार होतो त्याला सुजेची साथ म्हणतात. १८७७ साली कलकत्त्यात त्याची पहिली नोंद झाली. १९९८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिल्ली व आसपास भेसळीच्या मोहरीतेलामुळे अशी साथ आली. सुमारे तीन हजार माणसे आजारी पडली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. प्रथम ओकारी व जुलाब होतात, मग दोन्ही पाय सुजतात, कातडी लालसर होऊन दुखते, पुढे धाप लागते. हृदयावर ताण पडतो आणि काहींच्या डोळ्यांतील दाब वाढून दृष्टी जाते. शंभर भागांत एक भाग एवढ्या मिश्रणानेही आजार होऊ शकतो.

आमच्या या लेखाशी याचा संबंध असा, की हे विष केवळ खाण्यातून जाते असे नाही. असे तेल अंगाला चोळल्यानेही आजार झाल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत. म्हणजे बाळाला प्रेमाने रोज चोळलेले तेलच त्याच्या सुजेचे कारण होऊ शकते. नेहमीच्या स्वयंपाकाच्या किंवा आटवण्याच्या आचेवर हे विष नाहीसे होईल असा भरवसा धरू नये.

उपाय शेतातच आहे. पिवळा धोत्रा फुलावर येण्यापूर्वीच मुळासकट उपटावा. बोंडे तयार झालेली झाडे खळ्यात येऊ देऊ नयेत. मळणी झाल्यावर मोहरी चाळावी व ताटात पसरून पाहावी. मोहरीचा दाणा गुळगुळीत दिसतो, तर धोत्र्याच्या बीवर जाळीसारखी खडबडीत नक्षी असते. भिंग असल्यास स्पष्ट दिसते. घाण्यावर आपल्या आधी कोणाचे बी पडले होते हेही विचारावे आणि पहिले थोडे तेल वेगळे काढावे. शंका असेल तर तेलाचा नमुना अन्नतपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेकडे द्यावा. नायट्रिक आम्लाची परीक्षा पुस्तकांत सापडते, पण ते आम्ल कातडी व डोळे जाळणारे आहे. ती परीक्षा घरी करू नये.

घरातील दोघांतिघांचे पाय एकाच सुमारास सुजू लागले, तर तेल ताबडतोब बंद करून सर्वांनी रुग्णालयात जावे आणि तेलाची बाटली सोबत न्यावी.

पानेफुले गोळा करणे व सुकवणे

सकाळी दव वाळल्यावर, ऊन चढण्यापूर्वी पाने तोडावीत. रस्त्याच्या कडेची, औषध फवारलेल्या शेतालगतची किंवा नालीकाठची पाने घेऊ नयेत. मोहरीवर माव्यासाठी फवारणी झाली असेल तर बांधावरची तुळस व माका त्या हंगामात तेलासाठी सोडून द्यावा. जे झाड आपण नक्की ओळखतो तेच घ्यावे. कण्हेर, धोत्रा, रुई, घाणेरी ही झाडे घरगुती तेलात कधीही घालू नयेत. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते.

पाने धुऊन, कापडाने टिपून, सावलीत कापडावर पातळ पसरावीत. आपल्या कोरड्या हवेत मार्च-एप्रिलमध्ये दोन-तीन दिवसांत ती कुरकुरीत होतात. पावसाळ्यात आठ दिवसांतही होत नाहीत, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नये.

सुकवणे एवढे महत्त्वाचे का? तेलात एकटे जंतू सहसा वाढत नाहीत, पाणी असेल तर वाढतात. आम्ही स्वतः प्रथम तुळशीचे तेल केले तेव्हा घाईने ओली पाने घातली. दहाव्या दिवशी बरणीच्या तोंडाशी पांढरी बुरशी आली आणि अर्धा किलो चांगले तीळतेल मातीत ओतावे लागले. तेव्हापासून पान बोटांत चुरले की आवाज आला पाहिजे, हा आम्ही नियमच केला आहे.

पहिली कृती : बरणीतील तेल

सुकलेली पाने ५० ग्रॅम, तेल अर्धा लिटर. काचेची बरणी धुऊन उन्हात पूर्ण वाळवावी. पाने हाताने चुरून बरणीत घालावीत आणि ती बुडून वर दोन बोटे राहील इतके तेल ओतावे. बरणीला जाड कापड किंवा कागद गुंडाळावा, कारण उजेडाने तेल खवट होते. रोज एकदा बरणी हलवावी.

पुस्तकांतून 'चाळीस दिवस उन्हात ठेवावे' असे वाचायला मिळते. ते थंड मुलखासाठी लिहिलेले आहे. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा काही दिवस ४५ अंशांच्याही वर जातो. गच्चीवरची बरणी त्या उन्हात इतकी तापते की तेल आठवड्यात खराब होते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, घरातील उबदार पण सावलीच्या कोपऱ्यात, दोन ते तीन आठवडे पुरेत. नंतर स्वच्छ, कोरड्या, दुहेरी मलमलीतून गाळावे. शेवटचा गाळ पिळून मुख्य तेलात मिसळू नये, त्यात ओल असते.

तुळस, कडुनिंब, झेंडू, कढीपत्ता यांसाठी ही रीत चांगली.

दुसरी कृती : पाण्यावरचे तेल

घाई असेल तर ही कृती करावी. मोठ्या पातेल्यात चार बोटे पाणी घेऊन त्यात लहान स्टीलचे भांडे ठेवावे. लहान भांड्यात त्याच प्रमाणात सुकी पाने व तेल घालावे. मंद आचेवर दोन ते तीन तास ठेवावे. पाणी फक्त वाफाळत राहावे, खळखळू नये. मध्ये पाणी आटले तर गरम पाणी बाहेरच्या पातेल्यात घालावे, आतल्या भांड्यात थेंबही जाऊ देऊ नये.

पाण्यावर ठेवण्याचे कारण असे, की खाली पाणी आहे तोवर तेल १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून पाने करपत नाहीत आणि वास उडून जात नाही. सरळ चुलीवर ठेवलेले तेल काही मिनिटांत त्याच्या दुप्पट तापते.

भांडे स्टीलचे किंवा काचेचे असावे. तांब्या-पितळेचे भांडे वापरू नये, तांब्यामुळे तेल लवकर खवट होते. लोखंडी कढईत केलेले माक्याचे तेल काळे दिसते म्हणून ते अधिक गुणकारी, असा समज आहे. लोखंडानेही तेल लवकर बिघडते. काळेपणा हा गुण नव्हे.

तिसरी कृती : रस आटवून केलेले तेल

माका, आवळा, ब्राह्मी यांचे बरेच अंश रसात असतात. त्यांसाठी वैद्यांची जुनी रीत आहे : वाटलेल्या पाल्याचा एक भाग, तेलाचे चार भाग, रसाचे सोळा भाग. म्हणजे एक लिटर तीळतेलास २५० ग्रॅम वाटलेला माका आणि ४ लिटर माक्याचा रस. घरी थोड्या प्रमाणात करावयाचे असल्यास पाव लिटर तेल, एक लिटर रस आणि ६० ग्रॅमच्या आसपास वाटण घ्यावे.

सर्व एकत्र करून मंद आचेवर ठेवावे व सतत ढवळावे. पाणी असेपर्यंत ते शंभर अंशांच्या आसपास राहते आणि तडतडते. पाणी संपत आले की आवाज कमी होतो व तेलावर फेस येऊ लागतो. हीच वेळ जपण्याची. आतील वाटण थोडे काढून गार करून बोटांत वळावे. त्याची वात वळली गेली आणि ती वात ज्योतीवर धरली असता न तडतडता जळली, तर तेल झाले. तडतड म्हणजे आत अजून पाणी आहे. वाटण कडक होऊन कुस्करू लागले तर तेल करपले. तेल झाले की लगेच उतरावे, कारण पाणी संपल्यावर आच आवरणारे काही राहत नाही.

ही कृती मुले झोपल्यावर किंवा बाहेर असताना करावी. चूल सोडून जाऊ नये. तेलाने पेट घेतलाच तर आच बंद करून झाकण घालावे. पाणी कधीही ओतू नये, त्याने आग उसळते.

चौथी कृती : फुलेल

फुलांचा वास मात्र आचेने उडतो. मोगऱ्याचे तेल उकळून केले तर हाती केवळ तेल राहते. त्यासाठी गंगेकाठच्या गाझीपूर-जौनपूर भागात वेगळी रीत चालत आली आहे. तेथे फुले तेलात घालत नाहीत, तिळात घालतात. वास घेतलेले तीळ मग घाण्यावर काढले की सुवासिक तेल मिळते. याला फुलेल म्हणतात.

आपल्याकडे मोगरा, ज्याला येथे बेला म्हणतात, एप्रिल ते जून फुलतो. ऑक्टोबरचे राखून ठेवलेले तीळ तेव्हा घरात असतात. स्वच्छ पांढरे किंवा सोललेले तीळ सुती चादरीवर पातळ पसरावेत. संध्याकाळी तोडलेल्या, रात्री उमलणाऱ्या कळ्यांचा थर त्यांवर द्यावा, वर पुन्हा तीळ, पुन्हा कळ्या. वरून चादर घालावी. दुसऱ्या दिवशी कोमेजलेली फुले चाळून काढावीत आणि नवीन घालावीत. असे पाच-सहा वेळा करावे. शेवटी तीळ सावलीत चांगले वाळवून घाण्यावर द्यावेत, कारण फुलांची ओल तिळात उतरलेली असते. घाणा आधी स्वच्छ करून घ्यावा, नाहीतर मोहरीचा वास मोगऱ्यावर चढतो. दोन-तीन कुटुंबांनी मिळून केल्यास घाणेवाल्यालाही परवडते.

साठवण

गाळलेले तेल दोन दिवस स्थिर ठेवावे. तळाशी पाण्याचा थर दिसला तर वरचे तेल अलगद दुसऱ्या बाटलीत काढावे. गडद रंगाच्या लहान बाटल्या काठोकाठ भराव्यात, कारण हवा जितकी कमी तितके तेल टिकते. बाटलीवर वस्तूचे नाव व तारीख लिहावी. थंड, अंधाऱ्या जागी तीळतेल सहा महिने सहज राहते. उन्हाळ्यात केलेले तीन महिन्यांत संपवावे. जुन्या रंगासारखा किंवा मेणकट वास येऊ लागला, की ते तेल दिव्याला वापरावे, अंगाला नाही. नवे तेल जुन्या बाटलीतील उरलेल्या तेलावर कधीही ओतू नये.

खाण्याच्या तेलाची गोष्ट वेगळी

लसूण, हिरवी मिरची किंवा ताजी कोथिंबीर कच्ची तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवण्याची टूम आता घराघरांत शिरली आहे. हे अत्यंत धोक्याचे आहे. मातीतील एक जंतू लसणीबरोबर येतो. हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या, उबदार जागी तो वाढून भयंकर विष तयार करतो, आणि तेलाखालची लसूण म्हणजे नेमकी तशी जागा. वास बदलत नाही, चव बदलत नाही. प्रथम एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, पुढे श्वास बंद पडतो. १९८५ साली कॅनडातील व्हँकूव्हर शहरात तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणीमुळे ३६ जण असे आजारी पडले होते.

मग आपली लोणची कशी टिकतात? त्यांत मीठ भरपूर असते आणि कैरी-लिंबाचा आंबटपणा असतो, म्हणून. नुसत्या तेलाने ती टिकत नाहीत. कच्च्या लसणीचे तेल करावयाचेच तर फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावे. सांधे चोळण्यासाठी मोहरीच्या तेलात लसूण तळून केलेले तेल गाळून घ्यावे, लसूण आत ठेवू नये, आणि ते तेल खाण्यात वापरू नये.

तान्हे बाळ आणि आजारी माणूस

घरात बाळ जन्मले की आजी तेलाची वाटी घेऊन बसते. आईचा व आजीचा हात बाळाला लागावा, हे चांगलेच आहे. परंतु पुढील गोष्टी पाळाव्यात.

बाळाला साधे, शुद्ध तीळतेल किंवा खोबरेल लावावे. मोहरीचे तेल कोवळ्या कातडीला झोंबते व तिचे संरक्षण सैल करते. पानाफुलांचे कोणतेही तेल पहिले काही महिने लावू नये.

कापूर घातलेले तेल दोन वर्षांखालील मुलाच्या छातीला किंवा नाकाला लावू नये. कापूर कातडीतून व श्वासातून अंगात जातो. मुलाने असे तेल चमचाभर प्यायले तरी झटके येऊ शकतात. ही बाटली औषधाप्रमाणे कुलपात ठेवावी.

बाळाच्या नाकात तेल घालू नये. ते फुप्फुसात उतरून एक प्रकारचा न्यूमोनिया होतो, आणि तो नेहमीच्या औषधाने लवकर बरा होत नाही. कानातही घालू नये. कान वाहत असेल किंवा पडदा फाटला असेल तर थोरांनीही घालू नये. नाळेला काही न लावता ती कोरडी ठेवावी.

भाजलेल्या जागी तेल लावू नये. वीस मिनिटे वाहते गार पाणी घालावे आणि डॉक्टरकडे जावे. उघड्या जखमेवर, पू झालेल्या फोडावर किंवा मधुमेही माणसाच्या बधिर पायावर गरम तेल लावू नये. त्याला चटका कळत नाही आणि जखम चिघळते.

नवीन तेल प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. लाली किंवा खाज आली तर ते तेल आपले नव्हे.

आणि शेवटी खरे तेच सांगावे. तेलाने केस मऊ होतात व कमी तुटतात, कोरडी कातडी फाटत नाही, चोळल्याने दुखरा स्नायू सैल होतो. टकलावर केस उगवणे, पांढरे केस काळे होणे, संधिवात समूळ जाणे, हे कोणत्याही तेलाने होते असे आम्ही म्हणणार नाही.

विकावयाचे असेल तर

काही बचत गट हे तेल करून विकण्याचा विचार करतात. उत्तम. परंतु घरच्या वापराचे तेल आणि विक्रीचे तेल यांत फरक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याखाली विक्रीसाठी तेल बनवण्यास परवाना लागतो. 'अमुक रोग बरा होतो' असे बाटलीवर लिहिले तर ते औषध ठरते आणि त्याचा परवाना वेगळा. आधी चौकशी करून मगच पैसे गुंतवावेत. मोहरी व तिळाच्या सुधारित वाणांची व तणनियंत्रणाची माहिती ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाकडून आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडून मिळते. मुरैना येथील संशोधन केंद्रात मोहरीवर काम चालते.

या हंगामात काय करावे

शेतकरी बंधूंनो, खळे घालण्यापूर्वी एक सकाळ काढून बांधावरून फिरा आणि पिवळा धोत्रा उपटा. शेजाऱ्यालाही सांगा, कारण घाणा सर्वांचा एकच असतो आणि एकाच्या निष्काळजीपणाचे तेल दुसऱ्याच्या मुलाच्या अंगाला लागते. मायभगिनींनो, मार्चच्या कोरड्या हवेत तुळस व कडुनिंब सुकवा आणि पहिली बरणी लहानच करा. जमली तर मोगऱ्याच्या दिवसांत फुलेल करून पाहा. थोडे करावे, नीट करावे, बाटलीवर तारीख घालावी आणि पहिले तेल आधी आपल्याच हाताला लावून पाहावे. मगच ते घरातील सर्वांत लहानाच्या व सर्वांत थोराच्या अंगाला लावावे.